खेप

सप्टेंबर संपत आला की आमच्या घरात एक प्रश्न निघतोच. यंदा गाडी की विमान?

मी राहतो शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आणि एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो कोलोरॅडोत, मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत. जाताना साधारण १,२५० मैल, म्हणजे २,००० किलोमीटर. गाडीनं गेलं तर १९ तास नुसतं चाकावर, वाटेत एक मुक्काम. विमानानं डेन्व्हरपर्यंत अडीच तास आणि पुढे भाड्याच्या गाडीनं चार-साडेचार. बायको म्हणते, "अरे, तेवढ्या वेळात माणूस पुण्याला पोचून आईच्या हातचा चहा घेईल." तिचं चुकत नाही. वर्षाला मोजून पंधरा दिवस रजा मिळते, त्यातले चार दिवस मी नेब्रास्का बघण्यात घालवतो, आणि ज्या वर्षी पुण्याला जायचं असतं त्या वर्षी हे चार दिवस तिला आणि मलाही टोचतात. तरी गेल्या दहा वर्षांत मी आठ वेळा गाडीनं गेलोय. एकदाच विमानानं. त्या एकदाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी मी या वाटेला कसा लागलो ते सांगतो, कारण मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. इथं आलो तेव्हा एच-वन-बी व्हिसावर होतो. अशा व्हिसावरच्या परक्या माणसाला अमेरिकेच्या कायद्यानं बंदूक बाळगायला बंदी आहे, पण त्याच कायद्यात अपवाद आहे: एखाद्या राज्यानं दिलेला शिकारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ती बाळगता येते. म्हणजे आधी वर्ग करायचा, मग परवाना, इलिनॉयचं बंदूकधारकाचं कार्ड, आणि मगच बंदूक. हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. आजोबा मी मनात म्हणतो. तोंडानं त्यांच्या नावानंच हाक मारतो, इथली रीत तीच. आयोवातल्या शेतावर वाढलेले, आता ७८ वर्षांचे. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोरॅडोत शिकारीचा वर्ग केल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. त्यांना लागत नाही. पण माझ्याबरोबर ते त्या वर्गात दोन्ही दिवस येऊन बसले होते, शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून.

आणि शिकार माझ्या घरात होतीच. माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. घरात ठासणीची बंदूक, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली. भात पोटरीला आलं की डुकरांचा उपद्रव सुरू व्हायचा, मग वाडीतली माणसं जमून हाका घालायची. मी यातलं काही पाहिलं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली, आणि ते बंद व्हायलाच हवं होतं, जंगलात काही उरलंच नव्हतं. मी पाहिली ती भिंतीवरची बंदूक, आणि ऐकल्या त्या गोष्टी. त्यांत बार टाकण्याची गोष्ट दोन वाक्यांत संपायची. उरलेली सगळी गोष्ट डुक्कर घरी आणण्याची असायची. वेताळाच्या उतारावरून चार माणसांनी खांदे बदलत कसं आणलं, बांबू कुठं करकरला, पऱ्ह्या ओलांडताना कोण घसरलं. आणि मग अंगणात वाटे. सागाच्या पानांवर मांडलेले सारखे वाटे: बंदूकवाल्याचा, हाका घालणाऱ्या प्रत्येकाचा, कुत्र्यांचा, आणि हाक्याला येऊ न शकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरांचा. माझे आजोबा सांगायचे की पहिला खांदा बार टाकणाऱ्यानं द्यायचा, मग तो कितीही दमलेला असो. त्यावर चर्चा नसायची.

विमानाचं वर्ष असं. ऑफिसात एक मोठं काम अंगावर आलं होतं आणि मला सहाच दिवस मिळत होते. शेजारच्या आजोबांच्या गुडघेदुखीची तेव्हा सुरुवातच होती. दोघांनी ठरवलं, यंदा उडू.

बंदूक घेऊन विमानानं जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं फार भानगड असेल. तशी नाही. बंदूक रिकामी हवी, टणक पेटीत हवी, पेटीला कुलूप हवं आणि किल्ली तुमच्याच खिशात हवी. सामान देताना खिडकीवर सांगायचं, की यात बंदूक आहे. ती बाई चिठ्ठीवर सही घेते, चिठ्ठी पेटीत जाते, पेटी तपासायला जाते, तुम्ही जवळपास थांबता. काडतुसं त्यांच्या खोक्यात, साधारण ५ किलोपर्यंत. केबिनमध्ये यातलं काहीच नाही. खरी अडचण विमान चुकलं तर होते. २००५ साली यूटाचा एक माणूस न्यूजर्सीतल्या न्यूअर्कमार्गे जात होता. पुढचं विमान हुकलं, सामान त्याच्या हातात आलं, रात्र हॉटेलात काढली, आणि सकाळी परत सामान देताना नियमाप्रमाणे पेटीत बंदूक असल्याचं सांगितलं. तिथल्या तिथे अटक. न्यूजर्सीचा कायदा वेगळा. पुढे खटला मागे घेतला गेला, पण तो माणूस दावा करून वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि २०१० मध्ये हरला. आजोबांनी ही हकिकत मला तिकीट काढण्याआधी सांगितली होती. म्हणून थेट विमान.

बारीकसारीक गोष्टी मात्र खूप राहतात. चुलीचा गॅसचा डबा विमानात चालत नाही. अस्वलासाठीचा फवारा चालत नाही. ते सगळं तिकडे उतरून विकत घ्यायचं आणि परत येताना कुणाला तरी देऊन यायचं. दुर्बीण लावलेली बंदूक सामानात आपटली की नेम हलतो, म्हणून पोचल्यावर आधी कागदावर चार-सहा गोळ्या झाडून नेम पाहायचा. तो अर्धा दिवस. शिवाय काल संध्याकाळी समुद्रसपाटीच्या जवळपास असलेलं अंग आज दहा हजार फुटांवर चढायला लागतं, आणि रात्रभर डोकं ठणकतं. गाडीनं जाताना वाटेतला मुक्काम डेन्व्हरला पडतो, पाच हजार फुटांवर, आणि सकाळी शरीर निदान कुरकुर करत तयार असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर एक मादी आली. परवान्यांच्या सोडतीत मला मादीचाच परवाना मिळाला होता. ॲस्पेनच्या झाडांच्या पिवळ्या पानांखालून निघून ती उघड्यावर आली आणि चरायला लागली. १८० पावलं. एकच गोळी. ती चाळीस-पन्नास पावलं चालली आणि बसली, मग आडवी झाली.

जवळ गेलो तेव्हा तिच्या तोंडात गवत होतं, अर्धं चावलेलं, हिरवं. खुराच्या फटीत ओला काळा चिखल. एल्क आपल्या सांबराच्या कुळातला प्राणी. मादी सव्वादोनशे किलोंची असते, आणि जमिनीवर पडलेली असताना ती उभी असतानापेक्षा खूप मोठी दिसते. वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, हस्तिदंतासारखे, मध्ये तपकिरी डाग. माझ्या मुलीकडे असे पाच आहेत, काडेपेटीत कापूस घालून ठेवलेले.

मग खरं काम. कातडं लगेच काढायचं, कारण आतली ऊब कोंडली तर मांड्यांच्या हाडापासून मांस आंबायला लागतं. हाडं तिथंच ठेवायची, मांस कापडी पिशव्यांत. मेंदू आणि पाठीचा कणा घरी आणायचाच नाही, कारण या भागातल्या हरणांमध्ये एक झिजवणारा रोग आहे, १९६७ साली कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसलेला. माणसाला झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण तपासणीत रोग निघाला तर मांस खाऊ नका असंच सांगतात. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं आणि अहवाल येईपर्यंत घरात एक तुकडा शिजवायचा नाही. हे सगळं डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात, गार पडत चाललेल्या बोटांनी. गाडी पाऊण मैलावर. मी तीन खेपा केल्या, आजोबांनी दोन छोट्या. शेवटची खेप रात्री एकला संपली. पहिली खेप मागच्या दोन्ही मांड्यांची होती, सर्वांत जड. ती मीच घेतली.

हाडाशिवायचं मांस सुमारे ६५ किलो भरलं. आणि परवाच्या सकाळचं विमान.

गावातला खाटीक म्हणाला, कापून, गुंडाळून, गोठवून द्यायला आठवडा. कुरिअरनं पाठवायचं तर जितक्याला बकरं यावं तितका खर्च. मोटेलच्या मालकिणीनं आपला डीप फ्रीझर उघडून दिला. तिच्या मागच्या अंगणातल्या टेबलावर आम्ही दिवसभर मांस कापलं आणि पाकिटं केली. विमानात एका नगाला २३ किलो. त्यात शीतपेटीचंच वजन चार-पाच. सुका बर्फ माणशी अडीच किलो. दोन पेट्या भरल्या. बत्तीस किलो बसलं. उरलेलं तेहेतीस किलो टेबलावर.

मी एक पाकीट काढून दुसरं ठेवत होतो, काटा बघत होतो. आजोबा खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "तुझं जनावर आहे. तू ठरव." मी खांद्याचं, मानेचं, खिमा करण्याजोगं सगळं बाजूला ठेवलं. कागदावर परवान्याचा नंबर आणि तारीख लिहिली, सही केली, आणि ते मालकिणीच्या कुटुंबाला दिलं. तिला खूप आनंद झाला. हिवाळाभर पुरेल म्हणाली.

कुठंही काही वाया गेलं नाही. गरज असलेल्या घरात गेलं. तरी विमानात बसल्यावर मला रुखरुख लागली, आणि ती कशाची हे कळायला मला बरेच महिने लागले. वाटा देणं आणि वजनात बसत नाही म्हणून ठेवून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आजोबांच्या अंगणात काय कुणाला जाईल हे आधी माणसं बघून ठरायचं. मी काटा बघून ठरवलं होतं. खाली पाऊण तासात नेब्रास्का सरकून गेला, ढगांखाली, आणि त्या वेळात मी कॉफी प्यायलो.

शिकागोला पट्ट्यावर एकच पेटी आली. दुसरी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला घरी पोचली. चिकटपट्टी कुणीतरी तपासणीसाठी कापून वाकडीतिकडी परत लावलेली. वरची पाकिटं मऊ पडली होती, पण हाताला गार लागली तेव्हा जिवात जीव आला. त्या आदल्या रात्री मी झोपलो नाही. एक जनावर मी मारलं, आणि आता त्याचा अर्धा भाग कुठे आहे हे मला ठाऊक नाही, हा विचार मला सहन होत नव्हता. मी कुठल्याही कंपनीवर राग काढत नाही, सामान चुकतं. पण हे सामान नव्हतं.

आता गाडीचं सांगतो.

पहाटे चारला निघायचं. बंदुका रिकाम्या, पेटीत कुलूपबंद, मागे; काडतुसं वेगळी. मिसिसिपी ओलांडली की आयोवा, आणि थोड्याच वेळात वॉलकॉटचा तो १९६४ पासूनचा प्रचंड ट्रक थांबा. मग दिवसभर आय-८० हा हमरस्ता. नेब्रास्कात रस्ता प्लॅट नदीला धरून चालतो, जिथून दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलांच्या वॅगनी पश्चिमेला गेल्या. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना मक्याची कापणी चालू असते, अंधार पडला तरी. लांबच्या लांब काळोखात एकेका यंत्राचे दिवे, भोवती धुळीचं वलय, आणि काचा बंद असल्या तरी आत येणारा वाळल्या ताटांचा वास. मला दरवेळी भातझोडणीची आठवण येते. पेट्रोल भरताना शेजारच्या गाडीत शिकाऱ्याची नारिंगी टोपी दिसली की माणसं न बोलता मान हलवतात. ओगलालाच्या थोडं आधी घड्याळ एक तास मागे जातं. तोवर आपण हजारो फूट चढलेले असतो आणि चढ कुठेच जाणवलेला नसतो.

डेन्व्हरनंतर आय-७०, आयझेनहॉवर बोगदा, अकरा हजार फुटांच्या वर. पुढे रायफल नावाचं गाव, तिथून उत्तरेला मीकर. हा सगळा यूट या आदिवासी लोकांचा मुलूख. १८७९ च्या संघर्षानंतर, १८८१ मध्ये, व्हाइट रिव्हरच्या यूटांना इथून यूटा राज्याकडे हाकललं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बाजारासाठीच्या बेबंद शिकारीनं एल्क जवळपास संपला. मग वायोमिंगमधून जनावरं आणून सोडली, शिकारीवर मर्यादा आल्या, आणि १९३७ च्या कायद्यानुसार प्रत्येक लांब बंदुकीच्या आणि काडतुसाच्या किमतीवर ११ टक्के कर वन्यजीवांसाठी जातो. आज या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. मंडळात कुणी विचारलं की मी हे सांगतो. पण खरं सांगायचं तर मी त्यासाठी जात नाही, आणि कराचा हिशोब देऊन मला मोकळंही व्हायचं नाही.

परतीचा रस्ता हा माझ्या लेखी शिकारीचाच भाग. तीन शीतपेट्या मागे. मांस कोरड्या पिशव्यांत, बर्फ वेगळ्या पिशव्यांत, पाणी मांसाला लागू द्यायचं नाही. दर पेट्रोलपंपावर खाली वाकून बूच काढायचं, पाणी सोडायचं, झाकण उघडून हात घालून बघायचं. सुका बर्फ असेल तर काच दोन बोटं उघडी, कारण त्याचा वायू बंद गाडीत साचतो; मग बाराशे मैल कानाशी वाऱ्याची शिटी. वळणावर पेट्या सरकल्या की पाठीला जाणवतं. रात्री मोटेलात गाडी खिडकीसमोर लावायची आणि एकदा उठून बघून यायचं. मी झोपेतूनही मनात म्हणत असतो, आहे, मागे आहे.

आणि वाटे. आयोवात ग्रिनेलच्या जवळ आजोबांच्या बहिणीचं शेत आहे. तिथं आम्ही वळतो. ती ओसरीवर उभी असते. पहिल्या वर्षी तिनं पाकीट घेतलं, हातात जोखलं आणि विचारलं, "मादी? कुठली?" आजोबांनी तिला डोंगर, झाड, वारा, सगळं सांगितलं, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "जड खेप यानं आणली." तिनं कॉर्नब्रेड बांधून दिला. त्या दिवशी मला संगमेश्वरचं अंगण आठवलं, जे मी कधी भरलेलं पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर अहवालाची वाट. तो आला की बायको सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण करते. एल्कला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल थोडं सढळ आणि आच मंद. पहिला डबा शेजारी जातो.

खर्चाचं विचाराल तर दोघांत मिळून फरक फारसा पडत नाही. पेट्रोल, मोटेल एकीकडे. तिकिटं, सामानाचे पैसे, भाड्याची गाडी दुसरीकडे. फरक दिवसांचा आहे, आणि ते दिवस मी घरच्यांकडून घेतो. ज्या वर्षी मुलीचा वाढदिवस त्यात आला, त्या वर्षी मी गेलोच नाही. उडून जाऊन वेळेत परत येता आलं असतं. तिनं तसं सुचवलंही होतं. मला ते जमलं नसतं.

यंदा प्रश्न वेगळा झालाय. आजोबांचा उजवा खुबा मार्चमध्ये बदलला. डॉक्टर म्हणाले, सलग दोन दिवस गाडीत बसायचं नाही, रक्त साकळतं. मी त्यांना म्हटलं, मग दोघंही उडू, मला चालेल. मनापासून म्हटलं, त्यांच्याशिवाय जाण्यापेक्षा काटा बघणं बरं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की यंदा ते बंदूक घेणार नाहीत. तंबूत राहतील, कॉफी करतील, संध्याकाळी दुर्बिणीनं समोरचा उतार बघतील. बंदूकच नाही तर विमानात अडचण काय? मी गाडी घेऊन जायचं आणि त्यांना डेन्व्हरच्या विमानतळावरून उचलायचं.

काल त्यांनी तिकीट दाखवलं. एकाच बाजूचं आहे. मी विचारलं, परतीचं? "परत मांसाबरोबर," ते म्हणाले. "सावकाश जाऊ. दर तासाला थांबू, नाहीतरी पेट्यांचं पाणी काढायचंच असतं." डॉक्टरांना विचारलंय, दिवसाला सहा तासांच्या वर नको, असं कबूल करून घेतलंय.

म्हणजे येताना तीन मुक्काम. मी रात्री बसून नकाशावर मोटेलं शोधली: तळमजल्याची खोली, दारासमोर गाडी लावायला जागा, जवळपास बर्फ मिळेल अशी. पहिला मुक्काम डेन्व्हरच्या अलीकडे, दुसरा ओगलालाला, तिसरा ओमाहाच्या पुढे. चौथ्या दिवशी दुपारी ग्रिनेल. त्यांच्या बहिणीला फोन झालाय.

बायकोनं कॅलेंडर बघितलं, दोन दिवस आणखी जातील म्हणाली. मग तिनंच विचारलं, त्यांच्या पाठीला मागे उशी कुठली देणार आहेस?